गंगापूर रोड: लॉनचे फवारे अर्धेच वर येतात, पिवळे पट्टे पडलेत. सगळं बदलावं लागेल का?

अंगणवाली

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडवर आमचा जुना बंगला आहे, पुढे साधारण दीड हजार चौरस फुटांचं लॉन. सासऱ्यांनी मोठ्या हौसेनं लावलेलं. गवत 'सिलेक्शन नंबर वन' आहे असं माळीबुवा सांगतात. जमिनीत दहा पॉप-अप फवारे (पाणी आलं की जमिनीतून वर येणारे), पाच-पाचच्या दोन ओळी, प्रत्येक ओळीला एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघड-मीट होणारा), आणि पोर्चमध्ये टायमर. बोअरचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं, तिथून उतारानं लॉनला येतं. लॉनसाठी वेगळी मोटर नाही.

होळीनंतर त्रास सुरू झाला. कुंपणाकडच्या ओळीतले फवारे अर्धेच वर येतात आणि पाणी जेमतेम दोन-तीन फूट उडतं. फवाऱ्यांच्या मधल्या जागेत पिवळे पट्टे पडलेत. गेटजवळ अंगण सर्वांत सखल आहे, तिथं मात्र रोज डबकं साचतं. एकाच लॉनमध्ये एकीकडे गवत वाळतंय आणि दुसरीकडे सडतंय.

फिटर पाहून गेला. सगळे फवारे आणि दोन्ही व्हॉल्व्ह बदला म्हणतो. खर्चाला ना नाही, पण नेमकं दुखणं काय हे कळल्याशिवाय पैसे घालायचे नाहीत. सासऱ्यांना आता वाकून काही करवत नाही, संध्याकाळी पोर्चमध्ये खुर्ची टाकून लॉनकडे बघत बसतात. त्यांच्यासाठी हे लवकर मार्गी लावायचंय. आधी काय तपासू?

मखमलाबादकर

ताई, फिल्टर कुठे आहे? टाकीतून खाली येणाऱ्या पाइपवर जाड प्लॅस्टिकचं, मनगटाएवढ्या जाडीचं नळकांडं दिसतं का पाहा. दिसलं तर आधीचा कॉक बंद करून ते उघडा. बाकीचं मग बोलू.

अंगणवाली

सापडलं. जिन्याखाली, कुंड्यांच्या मागे होतं. आत पातळ चकत्यांची चळत आहे. चकत्यांवर हिरवट-तपकिरी बुळबुळीत थर, त्यात पांढरे टणक कण आणि चक्क बारीक शंख! हे कधी उघडलं होतं ते घरात कुणालाच आठवत नाही. ब्रशनं घासून धुतलं. फवारे आता पहिल्यापेक्षा बरे वर येतात, पण कुंपणाकडची ओळ अजून लंगडीच आहे.

द्राक्षवाला_दिंडोरी

अंगणवालीताई, हा डिस्क फिल्टर. चकत्यांच्या दोन्ही बाजूंना बारीक खाचा असतात आणि त्या एकमेकींवर घट्ट बसल्या की पाणी त्या खाचांतून गाळलं जातं. चकत्या नुसत्या चळतीत वरवर धुतल्या तर खाचांतली घाण तशीच राहते. दांड्यावरून सुट्या करून, बादलीत भिजवून, प्रत्येक चकती बोटांनी चोळून धुवा. तारेचा ब्रश लावू नका, खाचा झिजतात. आणि शंख सापडले म्हणजे टाकीही धुवायला झाली आहे. टाकीचं झाकण नीट बसत नसेल तर ऊन आत जातं, शेवाळ धरतं, आणि शेवाळावर शंख पोसतात. झाकण आधी नीट करा, नाहीतर पुढच्या महिन्यात फिल्टर पुन्हा हाच.

आता खरा मुद्दा. आमच्याकडे बागेत काहीही बिघडलं तरी पहिला प्रश्न असतो, प्रेशर किती किलो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर किती किलो दाब? तुमच्या टाकीचा तळ जमिनीपासून किती उंच आहे? दोन मजली बंगला धरला तर ७-८ मीटर. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ किलो भरतो. म्हणजे पाणी नुसतं उभं असताना तुमच्याकडे ०.७ ते ०.८ किलो. फवारे सुरू झाले की पाइप, कोपरे, फिल्टर आणि व्हॉल्व्ह यांत तो आणखी घटतो. आणि साध्या पॉप-अप फवाऱ्याला नीट उडायला साधारण २ किलो लागतात. फिरत्या धारांचे नोझल असतील तर पावणेतीनच्या आसपास.

ठिबकची गोष्ट वेगळी. ठिबक १ किलोवर सुरेख चालतं, थोडं कमी असलं तरी भागतं. फवाऱ्याचं तसं नाही. दाब कमी पडला की धार फुटत नाही, थेंब जड राहतात, पाणी फवाऱ्याच्या भोवतीच पडतं आणि मधली जागा कोरडी राहते. तुमचे पिवळे पट्टे फवाऱ्यांच्या अगदी मधोमध आहेत ना? मग हे दाबाचं दुखणं आहे, आणि नवे फवारे आणूनही ते तसंच राहील.

ग्लिसरीन भरलेला प्रेशर गेज आणा. दिंडोरी, ओझर, पिंपळगाव, कुठल्याही ठिबकवाल्याच्या दुकानात मिळतो आणि महाग नसतो. फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन बसवले तर फारच उत्तम. दोन्हींतला फरक अर्ध्या किलोपर्यंत गेला की फिल्टर धुवायचा, हा आमचा बागेतला नियम. तुमच्याकडे मुळात दाबच पाऊण किलो, तेव्हा तिथं एवढी वाट पाहू नका, फरक दिसायला लागला की धुवा. बोअरचं पाणी आणि एप्रिल-मे असेल तर दर आठवड्याला.

वायरमन_सातपूर

डबक्याबद्दल मी लिहितो. डबक्याची दोन कारणं असतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा.

पहिलं कारण, पाणी बंद झाल्यावर पाइपात राहिलेलं पाणी सर्वांत खालच्या फवाऱ्यातून ओघळतं. हे थोडा वेळ गळून थांबतं. व्हॉल्व्हमध्ये काही दोष नसतो. उपाय म्हणजे सखल भागातला तेवढा एक फवारा, आत चेक व्हॉल्व्ह, म्हणजे राहिलेलं पाणी ओघळू न देणारी झडप, असलेला बसवायचा.

दुसरं कारण, सोलेनॉइड व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. आतल्या रबरी पडद्याखाली, म्हणजे डायफ्रॅमखाली, वाळूचा खडा किंवा क्षाराची खपली अडकते. मग पाणी रात्रंदिवस झिरपत राहतं आणि टाकी विनाकारण उतरते.

ओळखायचं कसं? संध्याकाळी फवारे बंद झाल्यावर गेटजवळच्या फवाऱ्याभोवतीचं पाणी पुसून घ्या आणि तासाभरानं जाऊन पाहा. कोरडं असेल तर पहिलं कारण, पुन्हा ओलं असेल तर दुसरं. व्हॉल्व्ह उघडण्याआधी मागचा कॉक बंद करा. झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे थोडे-थोडे सैल करा, कारण आत स्प्रिंग असते, ती उडते. डायफ्रॅम बोटांनी चाचपून पाहा. चीर नसेल तर धुऊन परत बसवा, नवीन आणायची गरज नाही.

व्हॉल्व्ह उघडतच नसेल तर मीटर लावून पाहायचं. टायमर चालू असताना त्या ओळीच्या टर्मिनलवर २४ व्होल्ट एसीच्या आसपास दिसायला हवेत. तिथं आहेत आणि व्हॉल्व्ह मुका आहे, तर वायर सोडवून कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. साधारण २० ते ६० ओहम आला तर कॉइल ठीक. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलेली, शून्याजवळ आला तर जळालेली. फक्त कॉइल वेगळी मिळते, पूर्ण व्हॉल्व्ह घेऊ नका.

आणि जमिनीतल्या वायरींचे जोड! नाशिकच्या काळ्या मातीत नुसत्या इन्सुलेशन टेपचा जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो. जेल भरलेले कनेक्टर वापरा. टायमरच्या पेटीत पाली शिरतात, वायरसाठी ठेवलेलं भोक बुजवून घ्या. २३० व्होल्टच्या बाजूला मात्र हात घालू नका, ते काम इलेक्ट्रिशियनचंच.

अंगणवाली

वायरमनदादा, अगदी तुम्ही सांगितलं तसंच करून पाहिलं. तासाभरानं पुन्हा ओलं! कुंपणाकडच्या ओळीचा व्हॉल्व्ह उघडला तर पडद्याखाली नखाएवढी पांढरी खपली निघाली. काढून धुऊन बसवला आणि गळती थांबली. आता पाणी बंद झाल्यावर थोडंसं ओघळतं तेवढंच, म्हणजे चेक व्हॉल्व्हवाला एक फवारा घेते.

गेजही आणला. सगळं बंद असताना पाऊण किलोच्या जवळ, कुंपणाकडची ओळ सुरू केली की काटा ०.४ वर येतो. घराकडची ओळ सुरू केली तर ०.६ राहतो. हा फरक का?

द्राक्षवाला_दिंडोरी

पाइप किती इंची आहे ते एकदा खणून पाहा. माझा अंदाज आहे की कुंपणापर्यंत अर्धा इंची नेलाय.

पाच फवारे पूर्ण दाबानं चालले तर एका ओळीला मिनिटाला ४० लिटरच्या आसपास पाणी लागतं. एवढं पाणी अर्धा इंची पाइपातून न्यायचं म्हटलं तर त्याचा वेग सेकंदाला ३ मीटरच्या वर जातो. पाइपलाइनमध्ये दीड मीटरच्या आत ठेवायचा असतो. त्यापुढे घर्षणातच दाब खलास होतो. एक इंची पाइपात तेच पाणी सव्वा मीटरच्या वेगानं निवांत जातं. मोटर नंतर पाहू, पाइप अर्धा इंची असेल तर आधी तो बदला, नाहीतर विकत घेतलेला दाब पाइपच खाऊन टाकेल.

मखमलाबादकर

+१. आमच्या गल्लीत एकानं मोठी मोटर बसवून हाच प्रश्न सोडवायला घेतला, तर जुन्या पाइपाचे जोडच सुटायला लागले.

गच्चीवरून

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. नाशिकमध्ये मे महिन्यात लॉनला पाणी घालणं मला पटत नाही. गंगापूर धरण १०० टक्के भरल्याची बातमी आपण दर पावसाळ्यात आनंदानं वाचतो आणि उन्हाळा आला की पाणीकपातीची चर्चा सुरू होते. बोअरचं पाणी आपलं स्वतःचं वाटतं, पण जमिनीखालून ते शेजारच्याच्या बोअरशी जोडलेलंच असतं. लॉन काढून देशी झाडं लावावीत, आणि अंगणात थोडी मुरमाची जागा सोडावी.

मातीपरीक्षण

गच्चीवरून, तुमची कळकळ योग्य आहे, आणि मी तीच आकड्यात मांडते. दीड हजार चौरस फूट म्हणजे साधारण १४० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे लॉनला दिवसाला ढोबळमानानं ५ मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे रोजचे ७०० लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. म्हणजे हे लॉन पाच माणसांच्या कुटुंबाएवढं पाणी पितं, आणि तेही सगळं नेमकं मोजून दिलं तर. अंदाजानं देणारी घरं याच्या दुप्पट सहज ओततात, आणि जास्तीचं पाणी एकतर गटारात जातं किंवा मुळांच्या खाली.

लॉन ठेवायचं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं. ठेवायचं असेल तर मोजून पाणी द्यायलाच हवं. मोजणं अगदी सोपं आहे, आणि इतकी वर्षं शिकवूनही लोक ते करत नाहीत याची खंत वाटते म्हणून सविस्तर लिहिते.

एकाच मापाचे, उभ्या कडांचे डबे घ्या. पंधरा-वीस तरी हवेत. लॉनवर सारख्या अंतरानं मांडा, काही फवाऱ्याजवळ, काही मधल्या जागेत, काही कडेला. ओळ १५ मिनिटं चालवा. मग प्रत्येक डब्यात पट्टी उभी धरून किती मिलिमीटर पाणी साचलं ते कागदावर डब्याच्या जागेसह लिहा. वारा असेल त्या वेळी करू नका.

आलेल्या आकड्यांची सरासरी काढा. समजा १५ मिनिटांत सरासरी ९ मिलिमीटर आली, तर तुमचे फवारे तासाला ३६ मिलिमीटर पाऊस पाडतात. साध्या पॉप-अपचा हा नेहमीचा वेग आहे. आता सर्वांत कमी भरलेले पाव हिस्सा डबे निवडा, म्हणजे वीसपैकी पाच, आणि त्यांची सरासरी काढा. ती एकूण सरासरीच्या ७० टक्क्यांच्या वर असेल तर वाटप ठीक. निम्म्यावर असेल तर कितीही वेळ वाढवला तरी पिवळा पट्टा पिवळाच राहणार आणि गेटजवळ चिखल वाढणार. तुमचं लॉन एकीकडे वाळतंय आणि दुसरीकडे सडतंय, हे असमान वाटपाचं अगदी ठळक लक्षण आहे.

गच्चीवरून

माणशी १३५ लिटरशी तुलना केल्यावर आवाका लक्षात आला. लॉन ठेवणाऱ्या प्रत्येकानं डबे मांडून पाहावं, एवढंच माझं आता म्हणणं.

साधा_माळी

मातीपरीक्षण ताईंनी मापाचं सांगितलं, मी जमिनीचं सांगतो. आपल्याकडची काळी माती तासाला ३६ मिलिमीटर पाणी पिऊच शकत नाही. पहिली पाच-सात मिनिटं पिते, मग वरून वाहायला लागतं. म्हणून सलग वीस मिनिटं लावू नका. सहा मिनिटं लावा, पाऊण तास थांबा, पुन्हा सहा, पुन्हा थांबा, पुन्हा सहा. टायमरमध्ये एकाच दिवसाला तीन वेळा सुरू व्हायची सोय असते, ती वापरायची. पाणी तेवढंच लागतं पण खाली मुरतं.

आणि रोज थोडं-थोडं देऊ नका. एक दिवसाआड भरपूर द्या. रोजच्या शिंपडण्यानं मुळं वरच राहतात, मग एक दिवस लाइट गेली तरी गवत मान टाकतं. वेळ पहाटेची, चार ते सहा. दुपारी बरंच पाणी वाऱ्यावर जातं. रात्री दिलं तर पातं रात्रभर ओलं राहतं आणि बुरशी येते.

कापणीसुद्धा यातच येते. उन्हाळ्यात गवत दोन इंचांच्या खाली कापू नका. उंच पात्यानं मातीवर सावली राहते.

पाथर्डीफाटा

माझ्याही लॉनला पिवळे डाग आहेत, पण फवारे उत्तम चालतात. वाचून वाटलं माझा प्रश्न वेगळा असावा. कसं ओळखायचं?

मातीपरीक्षण

लांब स्क्रूड्रायव्हर पिवळ्या जागेत आणि हिरव्या जागेत खुपसून पाहा. पिवळ्या जागेत जातच नसेल आणि हिरव्या जागेत सहज जात असेल तर पाण्याचाच प्रश्न. दोन्हीकडे लोण्यासारखा जात असेल तर पाणी पुरेसं आहे, दुसरं काही शोधा.

गवत मुठीत धरून ओढा. मुळं कुरतडल्यामुळे ते अलगद सुटून आलं तर खाली हुमणी आहे. पांढऱ्या, सी आकारात वळलेल्या अळ्या दिसतील. पावसाळा आणि त्यानंतर जास्त. नवं पातं पिवळट आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं असेल तर लोह कमी पडतंय. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही, द्राक्षवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. आणि डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली गेला की आपल्याकडची लॉनची गवतं वाढ थांबवतात आणि फिकी पडतात. तेव्हा पाणी वाढवू नये, उलट कमी करावं. थंडीत जास्त पाणी दिलं की गवताऐवजी लव्हाळा माजतो.

द्राक्षवाला_दिंडोरी

लोहाचं बरोबर. फेरस सल्फेटची हलकी फवारणी पानावर, जमिनीत टाकून फारसा उपयोग नाही. फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत.

अंगणवाली

पाइप खणून पाहिला. द्राक्षवालेदादा, अंदाज अगदी बरोबर, कुंपणाकडे अर्धा इंची आहे. घराकडची ओळ एक इंची. एक इंची पाइप टाकायला प्लंबर येतोय.

दोन प्रश्न. मोटर घ्यायचीच असेल तर किती अश्वशक्तीची? आणि नोझलवर पांढरा थर बसलाय, तो ॲसिडनं काढतात असं ऐकलं. बागेत तुम्ही पाइपातून ॲसिड सोडता ना, तसंच करायचं का?

द्राक्षवाला_दिंडोरी

ॲसिड पाइपातून सोडू नका ताई. आम्ही सोडतो ते ठिबकसाठी, कारण तिथं शेकडो ड्रीपर उघडून साफ करणं शक्य नसतं. मोजून, पाण्याचा सामू तपासत, हातमोजे आणि चष्मा घालून करायचं ते काम आहे. तुमच्या दहा नोझलना त्याची गरज नाही.

नोझल काढा. फवाऱ्याचा दांडा किल्लीनं वर ओढून धरला की नोझल हातानं फिरवून सुटतो. त्याच्या खाली बारीक जाळी असते, तीही काढा, बहुतेक वेळा तीच बुजलेली असते. दोन्ही रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासा. भोकात सुई किंवा तार घालू नका, भोक जरा जरी वाकडं झालं तरी धार कायमची वाकडी पडते. नोझल बसवण्याआधी पाणी थोडा वेळ मोकळं सोडा, पाइपातली माती निघून जाईल. सुरुवात व्हॉल्व्हजवळच्या फवाऱ्यापासून करा आणि टोकाचा नोझल सर्वांत शेवटी बसवा.

एक फार महत्त्वाचं सर्वांसाठी. कुठलंही ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. एका बादलीतही नको, एकामागोमाग त्याच पाइपातही नको. क्लोरीन वायू तयार होतो, जीव जाऊ शकतो. टाकी ब्लिचिंगनं धुतली असेल तर भरपूर पाण्यानं खंगाळल्याशिवाय दुसरं काही वापरू नका.

मोटरबद्दल: अश्वशक्ती विचारून घेऊ नका. दुकानदाराला सांगा, मिनिटाला ४० लिटर पाणी २० ते २५ मीटर हेडला, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याएवढ्या दाबानं, मिळालं पाहिजे. पंपाच्या तक्त्यात त्या हेडसमोरचं डिस्चार्ज, म्हणजे मिनिटाला किती पाणी मिळतं ते, वाचा. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं डिस्चार्ज सर्वांत कमी हेडचं असतं, त्याचा आपल्याला उपयोग नाही. या हिशेबानं अर्धा अश्वशक्तीत काम भागतं.

वायरमन_सातपूर

मोटर टायमरशी जोडताना थेट जोडायची नाही. टायमरवर 'पंप' किंवा 'मास्टर व्हॉल्व्ह' असं टर्मिनल असतं, तिथून २४ व्होल्टचा रिले (छोट्या व्होल्टवर मोठा स्विच चालवणारं उपकरण) घ्यायचा आणि रिलेनं मोटर चालू-बंद करायची. टाकीत फ्लोट स्विच लावा, म्हणजे टाकी रिकामी असताना मोटर कोरडी फिरणार नाही. अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच, ओल्या अंगणातलं काम आहे. आणि ज्या टाकीतून घरात पाणी जातं तिच्यातूनच लॉनला देत असाल तर लॉनच्या लाइनवर एनआरव्ही (पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवा, नाहीतर फवाऱ्याच्या तोंडाशी साचलेलं मातीचं पाणी उलट ओढलं जाऊ शकतं.

टाकी किती लिटरची आहे?

अंगणवाली

हजार लिटरची.

मातीपरीक्षण

मग दोन्ही ओळी एकाच पहाटे चालवू नका. एक दिवसाआड १० मिलिमीटर म्हणजे पूर्ण लॉनला १४०० लिटर, टाकी पुरणार नाही. आज घराकडची ओळ, उद्या कुंपणाकडची. प्रत्येक वेळी ७०० लिटर.

देवळालीकर

खूप छान धागा. देवळाली कॅम्पला आमच्याकडे वडिलांच्या काळापासून लॉन आहे, मी नक्षत्र धरून टायमर लावतो. होळी ते मृग पूर्ण वेळ. मृगाचा पाऊस नीट लागला की टायमर पूर्ण बंद, पण महिन्यातून एकदा प्रत्येक ओळ मिनिटभर चालवून घेतो, म्हणजे डायफ्रॅम चिकटत नाही आणि फवाऱ्याच्या तोंडाशी माती घट्ट होत नाही. हस्ताचा पाऊस संपला की ऑक्टोबरच्या उन्हासाठी पुन्हा सुरू, साधारण निम्म्या वेळानं. दिवाळीनंतर आठवड्यातून दोनदा, कडाक्याच्या थंडीत एकदा.

जुन्या लॉनमध्ये अजून एक होतं. दरवर्षी माती-खत पसरून जमीन वर येते आणि फवारे खाली राहतात. मग आजूबाजूचं गवतच धार अडवतं. फवाऱ्याचं तोंड जमिनीच्या बरोबरीत हवं. वर राहिलं तर कापणीचं यंत्र उडवून टाकतं.

आमचा एक फवारा असाच तुटला आहे. बदलताना काही काळजी?

द्राक्षवाला_दिंडोरी

भोवतीची माती बादलीत काढा, खड्ड्याच्या कडेला ठेवू नका, पुन्हा पाइपात जाते. आणि आटे बघून घ्या. बाहेरच्या देशांतल्या बऱ्याच फवाऱ्यांचे आटे एनपीटी (अमेरिकन मापाचे) असतात आणि आपल्याकडची फिटिंग बीएसपी (ब्रिटिश मापाची). अर्धा इंचीत दोन्ही एकमेकांत जातात, म्हणून दुकानदार हो म्हणतो, पण कोन वेगळा असतो. टेफ्लॉन टेप नीट गुंडाळा आणि जोर लावून आवळू नका, प्लॅस्टिक चिरतं.

अंगणवाली

सर्वांना कळवायचं होतं. पाइप बदलला, अर्धा अश्वशक्तीची मोटर बसली, नोझल लिंबूसत्त्वात साफ झाले. फवारे सगळे जुनेच आहेत, नवा फक्त गेटजवळचा चेक व्हॉल्व्हवाला. ओळ सुरू असताना गेज २ किलो दाखवतो.

रविवारी डबे मांडले. सासऱ्यांनी खुर्चीत बसून कागदावर आकडे लिहून घेतले, मी आणि मुलगा पट्टी धरून सांगत होतो. १५ मिनिटांत सरासरी ९ मिलिमीटर, सर्वांत कमी पाव हिस्सा डब्यांची सरासरी ६ आणि थोडं. कुंपणाच्या कोपऱ्यातला एक फवारा तिरका होता, तो सरळ केला. पट्ट्यांत अजून पिवळं आहे, पण मुळाशी नवी हिरवी टोकं दिसू लागली आहेत.

मृगाच्या आधी रेन सेन्सर लावावा का?

वायरमन_सातपूर

लावा. जागा मोकळ्या आभाळाखाली हवी. पत्र्याखाली नको, झाडाखाली नको, आणि फवाऱ्याचं पाणी पोचेल अशी तर नकोच. पोर्चच्या कठड्यावर चालेल. टायमरला सेन्सरचं टर्मिनल असेल तर दोन वायरी तिथं, टर्मिनलची दोन टोकं जोडणारी पट्टी काढून. टर्मिनल नसेल तर व्हॉल्व्हच्या कॉमन वायरमध्ये, म्हणजे सगळ्या व्हॉल्व्हना मिळून असलेल्या एका वायरमध्ये, मालिकेत जोडायचा. पण तसा जोडला तर सेन्सर फक्त व्हॉल्व्ह थांबवेल, मोटरचा रिले चालूच राहील आणि मोटर बंद व्हॉल्व्हवर पाणी ढकलत बसेल. म्हणून रिलेची परतीची वायरही सेन्सरच्या पलीकडून घ्या, म्हणजे दोन्ही एकदम थांबतील. जोडून झालं की ओळ सुरू करून सेन्सरवर तांब्याभर पाणी ओता. थोड्या वेळात फवारे आणि मोटर दोन्ही बंद पडली तर जोडणी बरोबर.